सुरमई महागली, त्याचा हिशोब तारलीपासून करा

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी मासळी महागल्याची बातमी आली आणि त्यावर वाचकांची पत्रं पण छापून आली. कोणी डिझेलचं नाव घेतलं, कोणी दलालांचं, कोणी म्हणालं सगळा चांगला मासा पुण्या-मुंबईला आणि गोव्याच्या हॉटेलांना जातो म्हणून इथे मिळत नाही. सगळ्यांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण एकाही पत्रात हे नव्हतं की ज्या सुरमईच्या भावावर आपण एवढं बोलतोय ती सुरमई स्वतः काय खाते आणि तिचं खाणं आहे का समुद्रात शिल्लक. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे, म्हणून जरा लांबलचक पत्र लिहितेय, जागा द्यावी ही विनंती.

मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवते. नववीला परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह हा धडा आहे. त्यात अन्नसाखळी शिकवताना वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. उदाहरण बरोबरच आहे पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं खारव्यांच्या घरातली, कोणाचा बाप तांडेल आहे, कोणाचा खलाशी, कोणाची आई बाजारात मासे विकायला बसते, त्यांना गरुडाने साप खाल्लेला कशाला सांगायचा, त्यांच्या घरात रोज अन्नसाखळी टोपलीतून येते. म्हणून मी त्या धड्याला सरळ मासेच आणते आणि वर्गात कापून दाखवते. मुलं नाक नाही मुरडत, उलट मला शिकवतात सुरी कशी धरायची ते.

तारली घ्या. तिचं गलफड उचलून बघा, आत कल्ल्यांच्या कमानीवर एकाला एक लागून केसासारखे बारीक काटे असतात, अगदी दाट. तारली तोंड उघडून पोहते, पाणी त्या काट्यांमधून गाळून निघून जातं आणि पाण्यातलं जे काही बारीक असतं ते आत राहतं. पोट फाडलं की हिरवट-तपकिरी लगदा निघतो, हाताला बुळबुळीत. त्याचा एक थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काचेच्या डब्या आणि काड्या दिसायला लागतात, ते डायटम, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय वनस्पती, त्यांचं कवच खरोखरच काचेच्याच घटकाचं म्हणजे सिलिकाचं असतं. मग बांगडा फाडायचा, त्याच्या पोटात पण लगदाच पण त्यात बारीक बारीक कोळंबीच्या जातीचे जीव सापडतात. आणि मग सुरमई. पूर्ण सुरमई आणायला परवडत नाही, पण ओळखीच्या बाईंकडून डोकं आणि पोटाचा कोथळा मिळतो. तिचे ते कात्रीसारखे दात बघायचे आणि पोटातून निघालेली अर्धवट पचलेली तारली नाहीतर मांदेली बघायची, कधी म्हाकूल पण असतं. एका टेबलावर तीन मासे आणि पूर्ण साखळी समोर. मुलांना पिरॅमिडची आकृती काढायला सांगायची गरज पडत नाही, ती आपोआपच सांगतात की मॅडम, खाली ते काचवाले, मग तारली, मग सुरमई, आणि वर आम्ही.

आता मुद्दा. या साखळीत वरवर जे जातं ते नुसतं मांस नाही, ती सूर्याची ऊर्जा आहे. समुद्रावर जेवढं ऊन पडतं त्यातला शंभरातला एक भागसुद्धा या वनस्पती प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या डायटमसारख्या बारीक वनस्पतींना, धरून ठेवता येत नाही, आणि तरी अख्ख्या पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळपास निम्मं हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. बाकीचं निम्मं जमिनीवरची सगळी जंगलं, सगळी शेतं, सगळं गवत मिळून. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मला स्वतःला ते नव्याने थोर वाटतं.

पण एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना यातली बहुतेक ऊर्जा गळते. तारलीने जे खाल्लं त्यातलं काही पचतच नाही, ते विष्ठेतून खाली जातं. जे पचलं त्यातलं पुष्कळसं तिच्या पोहण्यात, श्वासात, शत्रूपासून पळण्यात, अंडी घालण्यात खर्च होतं आणि शेवटी उष्णता होऊन पाण्यात जातं. अंगी लागतं ते साधारण दहावा हिस्सा. दहा टक्के हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही, कुठे पाच निघतात कुठे वीस, पण ढोबळ हिशोबाला दहा धरतात. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते रेमंड लिंडमन नावाच्या अमेरिकन तरुणाने, मिनेसोटामधल्या सीडर बॉग नावाच्या एका लहानशा तळ्यावर त्याने काही वर्षं काम केलं, तळ्यातल्या शेवाळापासून माशांपर्यंत प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा आली किती गेली याचा ताळेबंद मांडला. त्याचा पेपर आधी नाकारला गेला होता, फार थिअरी आहे म्हणून. शेवटी १९४२ मध्ये छापून आला पण तो बघायला लिंडमन राहिला नाही, सव्वीस वर्षांचा असताना आजारपणात गेला. आज जगभरातल्या शाळेत जो ऊर्जेचा मनोरा शिकवतात त्याचा पाया त्या पोराने घातला. त्याचं नाव पुस्तकात असावं असं मला फार वाटतं.

तर आपला हिशोब करून बघा, ऊर्जेच्या जागी वजन धरून. हजार किलो डायटम असतील तर त्यावर साधारण शंभर किलो तारली उभी राहते. त्या शंभर किलो तारलीवर दहा किलो सुरमई. आणि मधे अजून एक पायरी आली, म्हणजे डायटम आधी बारीक प्राणी प्लवकांनी खाल्ले, ते छोट्या माशाने खाल्ले आणि मग तो सुरमईने, की त्याच हजार किलोतून सुरमई उरते एक किलो. म्हणून समुद्रात तारली ढिगाने असते आणि सुरमई मोजकी, मुशी म्हणजे शार्क त्याहून मोजकी. वरचा मासा कमीच असणार, हे निसर्गाचं गणित आहे, ते कोणत्याही सरकारला बदलता येणार नाही. पण खालचा मासा काढून घेतला तर वरचा आहे त्याहून कमी होणार, हे सुद्धा त्याच गणितात आहे, आणि हे मात्र आपल्या हातात आहे.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. पाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस हे फिरत राहतं, मासा मेला, कुजला, की जिवाणू ते मोकळं करतात आणि पुन्हा प्लवकांना मिळतं. ऊर्जा तशी परत येत नाही. जी उष्णता होऊन गेली ती गेली, उद्याच्या उन्हात नव्याने मिळवायला लागते. त्यामुळे समुद्र अथांग आहे, त्यातलं काय संपणार, असं जे आपल्याकडे सर्रास बोलतात ते चुकीचं आहे. समुद्र अथांग असला तरी त्याची वर्षाची कमाई ठरलेली आहे.

आणि ही कमाई आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः पावसाळ्यात होते. नैऋत्येचा वारा सुरू झाला की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकात हे जोरात होतं, गोवा आणि दक्षिण कोकणापर्यंत येता येता जोर कमी होतो. शिवाय नद्या गाळ आणि क्षार आणून टाकतात. त्या खतावर डायटम फुलतात, त्याच वेळेला तारली-बांगड्याची वीण असते, पिल्लांना तोंडाशी खाणं मिळतं. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी आहे ती नुसती वादळात बोटी बुडू नयेत म्हणून नाही, ती या दिवसांसाठी पण आहे. पावसाळा संपता संपता तारलीला जी चरबी चढते, तव्यावर टाकली की स्वतःच्याच तेलात भाजली जाते, ते तेल म्हणजे पावसाळ्यातलं ऊन आहे असं मी मुलांना सांगते. मेडिकलमध्ये ज्या ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल एवढ्या महाग मिळतात ते ओमेगा थ्री माशाने बनवलेलं नसतं, ते प्लवकांनी बनवलेलं असतं, मासा फक्त साठवतो.

आता सांगा, एवढ्या मोलाची तारली आपण काय करतो? खाण्यापुरती बाजारात येते तिला भाव नाही, गरिबाचा मासा म्हणून नाक मुरडतात, आणि बाकी सगळी, सोबत बांगड्याची, ढोम्याची, पापलेटची बोटभर पिल्लं पण, क्रेटच्या क्रेट भरून टेम्पोत चढतात आणि फिशमीलच्या कारखान्यात जातात. तिथे शिजवून, दाबून, सुकवून पीठ करतात. ओला मासा चार-पाच किलो घातला की पीठ निघतं एक किलोच्या आसपास, यात पाणी जातं तो भाग वेगळा. पण ते पीठ कोंबडीला आणि तळ्यातल्या कोळंबीला घालतात तेव्हा तिथे साखळीत अजून एक पायरी आपण स्वतःहून वाढवलेली असते, आणि प्रत्येक पायरीला गळती आहे हे वर सांगितलंच. जो मासा माणूस सरळ ताटात घेऊ शकतो तो दळून कोळंबीला घालायचा आणि ती कोळंबी परदेशात पाठवायची. यात पैसा सुटतो हे मान्य आहे, कोणाला तरी रोजगार मिळतो हे पण मान्य आहे, पण समुद्राच्या बाजूने बघितलं तर सुरमईचं, घोळीचं, रावसाचं तोंडचं खाणं आपण काढून घेतलं. आणि पिल्लं गेली ती तर पेरायचं बियाणंच दळून खाल्लं.

सकाळी जेट्टीवर जाऊन कोणीही बघावं. मोठ्या माशाचा लिलाव चाललेला असतो त्याच्या बाजूला हे क्रेट पडलेले असतात, त्यावर बर्फ पण धड नसतो कारण ते माणसाला खायला जाणारच नसतं. मी त्यात हाताच्या अंगठ्याएवढी पापलेटं बघितलीयेत. चंदेरी पापलेटला आपल्या राज्याने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याची पिल्लं किलोवर दळायला जातात. हे बघून कोणाही कोकणी माणसाला वाईट वाटेल. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ताई जाळ्यात आलं ते आलं, परत टाकलं तरी मेलेलंच असतं. त्याचं पण बरोबर आहे. प्रश्न जाळ्याच्या आसाचा म्हणजे भोकांच्या आकाराचा आहे, अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्याचा आहे, एलईडीचा आहे. एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी काळोख्या रात्री किनाऱ्यावरून बाहेर बघा, प्रकाशाचे पट्टे दिसतात. त्या दिव्याखाली आधी प्लवक जमतात, त्यांच्या मागे बारकी मासळी, तिच्या मागे मोठी, म्हणजे अख्खी अन्नसाखळीच एका जागी बोलवून घ्यायची आणि एका जाळ्यात उचलायची. छोट्या होडीवाल्याला, गिलनेटवाल्याला, रापणीवाल्याला मग काय मिळणार? रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ते ओढणारी माणसं कमी कमी होत चाललीयेत त्याचं एक कारण हे पण आहे.

कोणी म्हणेल मॅडम वर्गातलं गणित समुद्राला लावताहेत. तर दोन उदाहरणं देते. पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँकोव्ही नावाचा आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा, तो जवळजवळ सगळाच फिशमीलला जायचा. १९७० साली एका वर्षात १ कोटी २० लाख टनांच्या वर काढला, जगातली सगळ्यात मोठी मासेमारी होती ती. १९७२-७३ मध्ये एल निनो आला, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी तापलं, थंड पाणी वर यायचं थांबलं, खाणं संपलं, आणि आधीच एवढा उपसा झालेला असल्यामुळे मासा कोसळला तो कित्येक वर्षं उठला नाही. त्यावर जगणारे लाखो समुद्रपक्षी उपाशी मेले, ज्यांच्या विष्ठेचं खत विकून तो देश एकेकाळी श्रीमंत झाला होता. दुसरं उदाहरण घरचं. केरळमध्ये तारली म्हणजे मत्ती, घराघरात रोजचं खाणं. २०१२ मध्ये तिथे विक्रमी ३ लाख ९० हजार टन मिळाली. २०२१ मध्ये मिळाली ३,२९७ टन. हे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आहेत, म्हणजे सीएमएफआरआयचे. त्यात समुद्राचं तापमान, एल निनो, पाऊस याचा मोठा हात आहे, सगळा दोष जाळ्याला देता येत नाही. तारली तशी लहरीच, काही वर्षं भरभरून येते काही वर्षं गायब. पण जो मासा मुळात निसर्गाच्या लहरीवर आहे त्याला तर अजून जपायला पाहिजे ना, वाईट वर्षात उरेल असा साठा ठेवायला पाहिजे. केरळने २०१५ पासून माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान पकडायचा नाही, आधी १४ जाती होत्या, मग ५८ केल्या.

इथे एक जोडून सांगते कारण तो पण ऊर्जेचाच विषय आहे. थंडीत किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक गाड्या काढून बघायला येतात, रील्स करतात. दिसतं खरंच सुंदर. ते चमकणारे जीव बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव असतात. उत्तर अरबी समुद्रात गेल्या वीसेक वर्षांत हिवाळ्यात डायटमच्या जागी हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर यायला लागलेत, आणि गोव्यातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ जोआकिम गोज आणि हेल्गा गोम्स यांनी त्यावर बरंच काम केलंय. पाण्यातला ऑक्सिजन कमी होणं, हिमालयातला बर्फ कमी झाल्याने हिवाळी वारे बदलणं अशी कारणं त्यांनी मांडलीयेत. नॉक्टिल्युका स्वतःच डायटम खाऊन टाकतो, आणि त्याला खाणारे फार थोडे, जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक जीव. जेलीफिशला आपल्या माशांपैकी फारसं कोणी खात नाही. म्हणजे ऊन तेवढंच पडलं, पाण्यात हिरवं पण झालं, पण ती ऊर्जा तारली-बांगड्याकडे न जाता भलत्याच वाटेला लागली. जाळ्यात मासा कमी आणि जेलीफिशचा लगदा जास्त, ही तक्रार मच्छीमार करतात तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नये एवढंच सांगायचंय.

आता मागणीचं बोलते. कायदा नाही असं अजिबात नाहीये. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंड वाढवले. २०२३ मध्ये सीएमएफआरआयच्या शिफारशीवरून ५४ जातींच्या माशांची किमान लांबी पण आपल्या राज्याने ठरवून दिली. कागदावर सगळं झालंय. पण मी बाजारात मासे विकणाऱ्या ओळखीच्या बायकांना विचारलं तर कोणाला त्या ५४ जातींची यादी माहीत नाही, आणि जेट्टीवर तरी मला ती कुठे लावलेली दिसली नाही. ज्याला नियम माहीतच नाही तो पाळणार कसा? आणि नुसतं किनाऱ्यावर छोट्या माणसाला पकडून भागणार नाही, फिशमीलच्या कारखान्याच्या गेटवर कोणत्या जातीचा किती लांबीचा मासा येतो याची तपासणी झाली तर पिल्लांना गिऱ्हाईकच राहणार नाही. गिऱ्हाईक नसलं की बारीक आसाचं जाळं आपोआप महागात पडतं. माझ्या मते सगळ्यात सोपी आणि सगळ्यात परिणाम करणारी गोष्ट हीच आहे आणि नेमकी तीच होत नाही.

आपल्या पेपरला पण एक विनंती. तुम्ही पापलेट-सुरमईचे भाव छापता, त्यासोबत बंदरावर तारली, बांगडा, जवळा किती उतरला तेही छापा. जवळा तर आवर्जून, कारण बोंबील त्यावर जगतो. वर काय मिळणार हे खालच्या माशांवरून आधी कळतं, लोकांना तशी सवय लागेल.

आणि आपण खाणारे. बोटभर पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, विकणारीला सांगा का घेत नाही ते. तारली, बांगडा, मांदेली जास्त खा, त्यात कमीपणा काही नाही, साखळीत खालचा मासा खाल्ला की तेवढ्याच उन्हात जास्त माणसं जेवतात. शिवाय साखळीत वर जाताना ऊर्जा कमी होते पण पाऱ्यासारखं विष मात्र साठत साठत वाढतं, मोठ्या मुशीत ते तारलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, हे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावं. तारली काटेरी म्हणून मुलं खात नाहीत ही तक्रार खरी आहे, कुकरला चिंच घालून मंद आचेवर लावा, काटा मऊ होतो.

१ ऑगस्टला बंदी उठेल आणि बोटी बाहेर पडतील. त्याच्या आत प्रत्येक जेट्टीवर त्या ५४ जातींचा मराठीतला तक्ता, चित्रासकट आणि शेजारी मोजपट्टी, एवढं तरी मत्स्यव्यवसाय खात्याने लावावं. चित्रं काढायला माणूस नसेल तर माझ्या नववीच्या मुलांना सांगा, ती काढून देतील, त्यांना प्रत्येक मासा पाठ आहे.

कळावे,
आपली एक वाचक, जि. रत्नागिरी